रॉय रोझेन्झ्वाइग आणि आमचं एक गहाळ अक्षर

आजोबांनी गाडा विकला होता की वाडा, यावर आमच्याकडे गेले सहा महिने वाद चाललाय. काका म्हणतात वाडा, आत्या म्हणते गाडा. आणि या वादाचं मूळ आहे मी २००३ साली केलेला एक उद्योग. तो सांगता सांगता एका अमेरिकन इतिहासकाराविषयी लिहायचं आहे, म्हणून पोस्ट लांबलीय. चहा घेऊन बसा.

तर २००३ साली सलग तीन संध्याकाळी मी आजोबांच्या आठवणी लिहून घेतल्या आणि त्या टाइप करून जालावर चढवल्या. तेव्हा युनिकोड वगैरे आम्हाला ठाऊक नव्हतं. प्रत्येकाचा फाँट वेगळा, आणि वाचणाऱ्याने आधी तो फाँट उतरवून घ्यायचा, मग वाचायचं. फुकट जागा देणारी एक कंपनी होती, तिथे पान टाकलं. २००५ साली आजोबा गेले. पुढे कधीतरी कंपनीने ती फुकट पानं बंद केली. तशी सूचना आली असणार, पण मी केव्हाच उघडायचा सोडून दिलेल्या मेलपत्त्यावर. घरची सीडी वाचली जात नाही. वही माळ्यावरून रद्दीत गेली (कोणी टाकली ते मला माहीत आहे, पण घरात शांतता हवी आहे).

सुदैवाने इंटरनेट आर्काइव्हमध्ये त्या पानाची एक प्रत सापडली. उघडली तर चिनी, रशियन आणि गणिताची चिन्हं यांची भेळ! एका मित्राने फाँट बदलणारा प्रोग्राम लिहून दिला आणि भेळेतून मराठी बाहेर आली, पण उंदराने कुरतडल्यासारखी. ज्या वाक्यावर वाद आहे ते असं: ‘त्या साली नाइलाजाने मी’ आणि पुढे एक भोक, मग एक काना, मग ‘डा’, आणि ‘विकला’. टाइप मीच केलं होतं, पण मला शपथेवर आठवत नाही. मी तेव्हा रफाराशी झटापट करत होतो, आजोबा काय सांगताहेत याकडे माझं अर्धंच लक्ष होतं.

अशा कुरतडलेल्या पानांचं लोक काय करतात, हे शोधताना मला एक निबंध सापडला. ‘स्कॅर्सिटी ऑर अबंडन्स?’, म्हणजे टंचाई की सुकाळ? २००३ सालचाच, अमेरिकन हिस्टॉरिकल रिव्ह्यू या जाडजूड नियतकालिकातला. लेखक रॉय रोझेन्झ्वाइग. आडनावाशी जीभ अडखळते म्हणून पुढे नुसतं रॉय म्हणतो. वयाने मोठ्या माणसाला असं एकेरी हाक मारलेलं आजोबांना चाललं नसतं, पण इथे ते नाहीत.

निबंधाची सुरुवात बघा कुठून आहे. ११ ऑक्टोबर २००१ रोजी ‘बर्ट इज ईव्हल’ नावाची एक टवाळ वेबसाइट जालावरून नाहीशी झाली. बर्ट म्हणजे ‘सेसमी स्ट्रीट’ या लहान मुलांच्या कार्यक्रमातला पिवळ्या तोंडाचा बाहुला. कोणीतरी गंमत म्हणून त्याला जगातल्या दुष्टांच्या फोटोंत चिकटवायचं. त्यातला बिन लादेनबरोबरचा एक फोटो ढाक्यातल्या मोर्चेकऱ्यांच्या पोस्टरवर जाऊन बसला. छापणाऱ्याला बर्ट कोण हे माहीतच नसावं. बातमी झाली, आणि साइट चालवणाऱ्याने घाबरून ती काढून टाकली. रॉय विचारतो, आता उद्याच्या इतिहासकाराने २००१ सालचं जग समजून घ्यायला हे कुठे शोधायचं? गंभीर नियतकालिकात पिवळ्या बाहुल्यावरून मुद्द्याला हात घालणारा प्राध्यापक मला तिथेच आवडला.

त्याचं म्हणणं साधं आहे. कागद दुर्लक्ष सोसतो. ट्रंकेत पडलेलं पत्र शंभर वर्षांनी उघडलं तरी वाचता येतं, वाळवीने कृपा केली तर. डिजिटल वस्तू मात्र दुर्लक्षानेच मरते. तबकडी खराब होते, ती वाचणारं यंत्र जातं, यंत्र असलं तर प्रोग्राम जातो. आणि दुसऱ्या बाजूने उलटीच भीती. जर सगळंच टिकलं तर? आजवरचा इतिहासकार चार चिठ्ठ्यांवरून एक आयुष्य उभं करत आला. त्याला उद्या कोट्यवधी मेल दिले तर तो काय करणार? रॉयची तक्रार अशी की इतिहासकार हे सगळं ग्रंथपालांचं आणि अभिलेखागारवाल्यांचं काम समजून निवांत बसलेत, आणि जालाचं जतन कोण करतंय, तर ब्रूस्टर केल नावाच्या गृहस्थाने १९९६ साली सुरू केलेली एक खासगी संस्था. हीच ती, जिने आमच्या आजोबांची भेळ जपून ठेवली.

मग मी त्याचं बाकीचं वाचत सुटलो. आणि गंमत अशी की हा माणूस संगणकवाला मुळीच नव्हता. जन्म १९५० चा, न्यूयॉर्कचा. शिक्षण कोलंबिया, मग केंब्रिज, आणि १९७८ साली हार्वर्डची पीएचडी. विषय? मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टर या कारखान्यांच्या गावातले कामगार काम संपल्यावर काय करत!

१९८३ साली त्याचं पुस्तक झालं, ‘एट अवर्स फॉर व्हॉट वी विल’. नाव कामगारांच्या जुन्या घोषणेवरून घेतलेलं: आठ तास काम, आठ तास झोप, आणि आठ तास आमच्या मर्जीचे. कामगारांचा इतिहास म्हणजे संप, युनियन आणि पुढारी, अशीच आपली समजूत. पण वुस्टरमध्ये युनियन दुबळ्या. मग तिथल्या कामगारांना इतिहासच नव्हता का? रॉयने घोषणेतले शेवटचे आठ तास धरले. १८७० ते १९२० या काळातले गुत्ते, चार जुलैचा दंगा, सार्वजनिक बागा आणि शेवटी सिनेमाची थिएटरं. गुत्त्यात बसणारे डायरी लिहीत नाहीत. म्हणून त्याने दारूबंदीवाल्यांच्या तक्रारी, परवान्यांच्या नोंदी आणि गावातली वर्तमानपत्रं उलटी वाचली. तक्रार करणाऱ्याला जे बघवत नाही, नेमकं तेच याला बघायचं होतं.

गुत्त्यांचं प्रकरण मी दोनदा वाचलं. आधी आयरिश बायका घरच्या स्वयंपाकघरातच दारू विकायच्या, विधवांना तेवढाच आधार. परवान्यांचे कायदे आले आणि पिणं घरातून उठून रस्त्यावरच्या दुकानात गेलं, ते पुरुषांचं झालं. तिथे रीत अशी की एकाने सगळ्यांना पाजायची, मग दुसऱ्याने. एकेकट्याने पैसा साठवून वर जावं हे बाहेरच्या जगाचं ब्रीद, आणि गुत्त्यात नेमकं त्याच्या विरुद्ध. पण रॉय इथे भाबडा होत नाही. ही संस्कृती मालकांच्या संस्कृतीहून वेगळी होती, तिच्याविरुद्ध उठलेली नव्हती, असं तो बजावतो. आयरिश आयरिशांत, स्वीडिश स्वीडिशांत आणि फ्रेंच-कॅनेडियन आपापल्यांत पीत होते, आणि म्हणूनच एकत्र उभे राहू शकले नाहीत. पुढे सिनेमाने त्यांना एका छताखाली बसवलं, पण त्या छताचे मालक वेगळे होते. पोरं रडताहेत, लोक अर्ध्यातून येताहेत, पडद्याकडे बघून ओरडताहेत, अशी ती सुरुवातीची थिएटरं वाचताना मला आमच्या गावचा टुरिंग टॉकीज आठवला. असो.

बागेचाही तंटा त्यात आहे. गावातल्या बड्या लोकांना बाग म्हणजे झाडं, तळी, वळणाच्या वाटा आणि शांतता हवी होती. पूर्वेकडच्या कामगार वस्तीने अर्ज केला की आम्हाला खेळायला मोकळी जमीन द्या. या तंट्याचाच धागा धरून रॉय पुढे सेंट्रल पार्कवर गेला असावा, असा माझा तर्क. एलिझाबेथ ब्लॅकमार यांच्याबरोबर लिहिलेलं ‘द पार्क अँड द पीपल’ १९९२ साली आलं.

न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क म्हणजे आपल्या डोळ्यासमोर काय येतं? हिंदी सिनेमातली पानगळ. आणि त्याचा इतिहास म्हणजे ओल्मस्टेड आणि वॉक्स या दोघांचा १८५८ चा आराखडा. आधी तिथे काय होतं? खडकाळ पडीक जमीन, आणि डुकरं पाळणारे काही उपरे लोक. शंभर-सव्वाशे वर्षं असंच सांगितलं जात होतं. या दोघांनी जमिनीची, कराची आणि चर्चची दप्तरं काढली. १८५३ च्या कायद्याने घेतलेल्या त्या जागेत सुमारे १,६०० माणसं राहत होती, असा त्यांचा अंदाज निघाला. पश्चिमेकडे, आजच्या ८२ व्या ते ८९ व्या रस्त्यांच्या दरम्यान, सेनेका व्हिलेज नावाचं एक गावच होतं. १८२५ पासून कृष्णवर्णीय कुटुंबांनी तिथे स्वतःच्या पैशाने जमिनी घेतल्या होत्या. तीन चर्च होती, शाळा होती, पुढे आयरिश शेजारीही आले. आणि त्या काळी न्यूयॉर्कमध्ये काळ्या पुरुषाला मत द्यायचं तर २५० डॉलरची मालमत्ता लागायची, गोऱ्याला ती अट नव्हती. म्हणजे तो जमिनीचा तुकडा नुसता तुकडा नव्हता, ते मत होतं. १८५७ पर्यंत सगळं उठवलं. मोबदला दिला काहींना, पण वर्तमानपत्रांनी त्यांना ‘उपरे’ म्हटलं ते म्हटलंच, आणि तेच नाव चिकटलं.

सेनेका व्हिलेज या दोघांनीच शोधलं असं नाही म्हणता येणार. पण या पुस्तकानंतर ते लोकांच्या तोंडी आलं. १९९७ साली न्यूयॉर्क हिस्टॉरिकल सोसायटीत त्यावर प्रदर्शन झालं, २०११ साली तिथे पुरातत्त्ववाल्यांनी खोदलं, आणि जमिनीखालून पाया आणि चिनीमातीची भांडी निघाली. एक शब्द, ‘उपरे’, तो चुकीचा लिहिला गेला आणि दीडशे वर्षं एका गावाला कोणी गाव म्हटलं नाही. हे वाचताना मला आमचं भोक पडलेलं वाक्य आठवत होतं. तुलना फार मोठी होतेय, कळतं मला. पण आठवत होतं.

आता संगणक कुठून आला? रॉयच्या डोक्यात तो या पुस्तकांच्या शेजारीच होता. हर्बर्ट गटमन या इतिहासकाराने उभ्या केलेल्या प्रकल्पातून ‘हू बिल्ट अमेरिका?’, म्हणजे अमेरिका बांधली कोणी, असं कामगारांच्या बाजूने लिहिलेलं पाठ्यपुस्तक तयार झालं होतं. त्यातल्या १८७६ ते १९१४ या भागाची रॉय, स्टीव्ह ब्रायर आणि जोश ब्राउन यांनी १९९३ साली सीडी-रॉम केली. पुस्तकाचा मजकूर आणि त्यामागे मूळ कागद, छायाचित्रं, आवाज, चित्रफिती. वाचणाऱ्याने इतिहासकाराच्या मागे जाऊन त्याचं कपाट उघडून बघावं तसं. अ‍ॅपलच्या संगणकांबरोबर ती शाळांत जायला लागली आणि तक्रारी आल्या, की यात समलिंगी संबंध, गर्भपात असलं काय काय आहे. १९९५ साली अ‍ॅपलने तो भाग गाळायला सांगितला, प्रकाशक व्हॉयेजर कंपनीने ठाम नकार दिला. आज ती सीडी कोणत्याही नव्या मॅकवर चालत नाही. जो मजकूर वादात टिकला, त्याला वाचणारा प्रोग्राम टिकला नाही. टंचाईवर लिहिणाऱ्याच्याच वाट्याला ही टंचाई आली.

१९८१ पासून तो व्हर्जिनियातल्या जॉर्ज मेसन विद्यापीठात शिकवत होता. तिथेच १९९४ साली त्याने सेंटर फॉर हिस्टरी अँड न्यू मीडिया काढलं. न्यूयॉर्कच्या मंडळींबरोबर मिळून या केंद्राने २००२ च्या जानेवारीत ११ सप्टेंबरचं डिजिटल संग्रहालय उघडलं. कोणीही यावं, त्या दिवशी आपण कुठे होतो ते लिहावं, मेल द्यावेत, फोटो द्यावेत. दीड लाखाहून जास्त वस्तू जमल्या, आणि २००३ साली लायब्ररी ऑफ काँग्रेसने तो संग्रह स्वीकारला. वुस्टरच्या गुत्त्यातल्या माणसाने लिहून ठेवलं नव्हतं, म्हणून त्याला शत्रूंच्या तक्रारींतून शोधावं लागलं होतं. यावेळी रॉयने माणसांनाच विचारलं.

विचारायची त्याला खोडच होती. १९९८ साली डेव्हिड थेलन यांच्याबरोबर त्याने ‘द प्रेझेन्स ऑफ द पास्ट’ लिहिलं. सुमारे दीड हजार अमेरिकन लोकांना फोन करून विचारलं, की भूतकाळाशी तुमचा काय संबंध? इतिहासकार तेव्हा रडत होते की लोकांना इतिहासात रस नाही. निघालं उलटंच. शंभरातले नव्वदहून जास्त लोक गेल्या वर्षभरात नातेवाइकांबरोबर किंवा मित्रांबरोबर फोटो बघत बसले होते. कंटाळा होता तो शाळेतल्या इतिहासाचा. आणि भूतकाळाबद्दल विश्वास कोणावर, याला दहापैकी गुण द्यायला सांगितले, तर वस्तुसंग्रहालयांना ८.४, आणि लगेच खाली आजी-आजोबा आणि नातेवाइकांना ८.०. प्राध्यापकांना ७.३. पुस्तकांना ६.४! पुस्तकं लिहिणाऱ्या माणसाने हे छापलं, याचं मला कौतुक वाटतं. (काका हे वाचून खूष होतील. आत्यालाही तेवढेच गुण आहेत हे त्यांनी लक्षात घ्यावं.)

आपल्यासारख्या फुकट लिहिणाऱ्यांना त्याचा २००६ चा विकिपीडियावरचा निबंध सर्वांत जवळचा वाटेल. तेव्हा प्राध्यापक मंडळी विकिपीडियाचं नाव काढलं की नाक मुरडायची. रॉयने शांतपणे २५ चरित्रलेख घेतले आणि एन्कार्टाशी, नामवंतांनी लिहिलेल्या अमेरिकन चरित्रकोशाशी ताडून पाहिले. पंचवीसपैकी फक्त चारांत तपशिलाच्या चुका निघाल्या. मग लिंकनचा लेख घेऊन त्याने दाखवलं, की तपशील ठीक असले तरी जेम्स मॅकफर्सनने लिहिलेल्या लिंकनमध्ये जो प्राण आहे तो समितीने लिहिलेल्या लिंकनमध्ये नाही. दोन्ही गोष्टी एकाच लेखात, न बिचकता. आणि सहकाऱ्यांना सांगितलं, की नाक मुरडता तर तिथे जाऊन दुरुस्त करा ना. आपला मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे. त्यात दुरुस्त्या करणारी मंडळी हा ब्लॉग वाचतात, त्यांच्यासाठी हे मुद्दाम.

त्याच २००६ साली त्याच्या केंद्राने झोटेरो काढलं, संशोधकांना संदर्भ सांभाळायला मदत करणारं फुकट अवजार. आमची पुतणी पीएचडी करतेय, ती रोज ते वापरते. ते कोणाच्या केंद्रातून आलं हे तिला माहीत नव्हतं.

एका बाबतीत मात्र माझं रॉयशी जमत नाही. सगळं खुलं केलं, फुकट केलं, की इतिहास लोकांचा होईल, हा त्याचा विश्वास मला जरा जास्तच उजेडाचा वाटतो. लोकांनी लिहिलं हे खरं, पण लिहिलं दुसऱ्याच्या जागेत. वुस्टरच्या सिनेमा थिएटरबद्दल त्यानेच जे ओळखलं होतं, की गर्दी आपली पण छत दुसऱ्याचं, ते त्याने जालाला तितक्या कठोरपणे लावलं नाही. आणि टंचाई की सुकाळ हा प्रश्न मराठीत असा एकातून एक निवडायचा राहत नाही. माझ्या फोनमध्ये फुलांवर लिहिलेले हजारो सुप्रभात आहेत आणि आजोबांचं एक अक्षर नाही. दोन्ही एकाच वेळी.

त्याला हे विचारायला हवं होतं. पण रॉय फुफ्फुसाच्या कर्करोगाने गेला, वय अवघं ५७. तारीख ११ ऑक्टोबर २००७. बर्टची वेबसाइट गेली त्याला बरोब्बर सहा वर्षं झाली होती. त्याच्या केंद्राला २०११ पासून त्याचं नाव आहे.

आता आमच्या वाक्याकडे. ‘वाडा’ असेल तर गोष्ट साधी नाही, हे घरातल्यांना माहीत आहे, बाहेरच्यांसाठी सांगतो. वाडा चुलत आजोबांनी लाटला, अशी आमच्याकडे पन्नास वर्षं बोलवा आहे. त्यावरून दोन घरांत लग्नाच्या पत्रिकाही जात नाहीत. तो आजोबांनी स्वतःच विकला असेल तर त्या घराला आम्ही पन्नास वर्षं उगाच नावं ठेवली. ‘गाडा’ असेल तर जैसे थे. आत्याला गाडा का हवा आणि काकांना वाडा का, यात मी पडत नाही. काकांचं त्या घराशी हल्ली फोनवर बोलणं सुरू झालंय, एवढंच मला कळलंय.

मित्राचं म्हणणं, त्या फाँटमध्ये ‘व’ आणि ‘ग’ दोन्ही अर्धं अक्षर आणि काना असे दोन तुकडे जोडून उमटतात. काने टिकले, अर्धं अक्षर गेलं. फाइलवरून आता काहीच सांगता येणार नाही. २००३ साली मी पानाचा दुवा पाठवला तेव्हा पुण्यात, इंदूरला आणि न्यू जर्सीत मिळून सात-आठ घरांत तो गेला होता. आजोबांना वाचून दाखवायला कोणीतरी छापून घेतल्याचंही अंधुक आठवतं. कोणाच्या फायलीत, पोथीत, दिवाळी अंकाच्या गठ्ठ्यात ते चार कागद असले तर कृपा करून तिसऱ्या पानाचा फोटो पाठवा. चुलत घरातली मंडळीही इथे येऊन वाचून जातात, नाव न लिहिता, हे मला माहीत आहे. त्यांच्याकडे असेल तरी चालेल.